आईचं पाऊल आणि बाबांची जिरों

माझ्या आईबाबांचं काही फाटलं नव्हतं, पण गेल्या फेब्रुवारीपासून एक वर आणि एक खाली अशी त्यांची फाळणी झाली होती. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला जिना बंद केला. ती खाली बैठकीतल्या सोफ्यावर झोपायची, बाबा वर पलंगावर. लग्नाला चोपन्न वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. दोघं आपापल्या मजल्यावर रुसून बसली होती.

मधला जिना बाबांनी केलेला. आमच्या लुआर नदीकाठच्या गावात आन्सेल्म सुताराचा, म्हणजे त्यांचा, जिना नसलेलं घर शोधावं लागेल. पण हा त्यांनी सव्विसाव्या वर्षी, लग्न ठरल्यावर, ओकच्या लाकडात केला होता. त्याला कोणी हात लावायचा नाही. मी अर्मेल, त्यांची मुलगी. त्यांच्याच हाताखाली शिकले, आता कारखाना मीच चालवते, तरी मलाही परवानगी नव्हती. नांतहून माझ्या भावानं, रेजिसनं, जिन्याच्या कडेनं वर सरकणाऱ्या विजेच्या खुर्चीचं सुचवलं, तर बाबा दोन दिवस फोनवर आले नाहीत.

"मी जिने करणारा माणूस," ते मला म्हणाले, "आणि बायकोला काय बटाट्याच्या पोत्यासारखी वर ओढू?"

शेवटी एका रविवारी जेवताना, चीज संपलं आणि आता पळायला वाट नाही असं पाहून मीच विषय काढला. जिना बदलला नाही तर आई कायमची खालीच राहणार, हे स्पष्ट बोलले.

"जिन्यात खोट काय आहे?" बाबा म्हणाले. "उंची वीस, जिरों बावीस. नियमात बसतंय."

एका पायरीच्या काठापासून पुढच्या पायरीच्या काठापर्यंतची जागा म्हणजे जिरों. दोनदा उंची, एकदा जिरों, बेरीज केली की माणसाचं एक पाऊल आलं पाहिजे, साठ ते चौसष्ट सेंटिमीटर. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. धंद्याबाहेरच्या माणसांना मात्र आमच्या फ्रेंचमध्ये जिरों म्हणजे मांडी, पोराला घेऊन बसायची.

"जन्मभर या घरात जिरों जिरों ऐकतेय," आई म्हणाली. "माझ्या जिरोंत दोन पोरं वाढली, एकही खाली पडलं नाही. तुझ्या जिरोंत माझा एक पाय मावत नाही."

"मावतो, ह्युगेत."

"चवडा मावतो. टाच बाहेर. नवरी होऊन आले तेव्हापासून चवड्यांवर चढतेय मी."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले की. तू म्हणालास, नियमात बसतंय."

बाबा उठले. सोफ्याशी आईचा डॉक्टरांनी दिलेला जाड तळव्याचा बूट पडला होता, तो उचलला आणि तिसऱ्या पायरीवर ठेवला. टाच तीन बोटं बाहेर आली. त्यांनी बूट आत रेटला, पुन्हा रेटला. जिना काही मागे सरकला नाही. मग ते खालच्या पायरीवर बसले, बूट हातातच.

"अर्मेल, नियमातलं पाऊल कुणाचं गं?"

"माणसाचं."

"कुठल्या?"

तीस वर्षं जिने करतेय, मीही कधी विचारलं नव्हतं. बाबांची मला फार दया आली. आपल्या सगळ्यात चांगल्या कामातली चूक ऐंशीव्या वर्षी बायकोच्या बुटानं दाखवावी, हे सोपं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घडीची पट्टी आणि खडू घेऊन अंगणात आले.

"ह्युगेत, चल. त्या भिंतीपर्यंत."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. चाल."

तिनं त्यांचा दंड धरला. मी मागून रांगत प्रत्येक टाचेशी खडूची रेघ मारत गेले, माझ्या गुडघ्यांची कुणालाच पर्वा नव्हती.

"माझ्यासाठी पाऊल लांब टाकू नकोस," बाबा तिला म्हणाले. "खोटं माप नको मला."

सरासरी छप्पन आली. म्हणजे उंची चौदा, जिरों अठ्ठावीस. पण असा जिना जवळजवळ दुप्पट जागा खातो. वळवून घेतला तरी बाबांची वाइनची कोठडी पाडावी लागणार होती.

"बाटल्या कुठे जाणार?" त्यांनी विचारलं.

"आजवर गेल्या तिथेच," आई म्हणाली. "तुझ्या पोटात."

जिना मी कारखान्यात केला आणि सहा आठवडे बाबा माझ्या डोक्यावर उभे होते. माझा एक सांधा त्यांना पसंत पडेल तर शपथ. जुना जिना काढायचा दिवस आला तेव्हा मात्र त्यांनी मला बाजूला केलं. लाकडी मोगरीनं एकेक पायरी स्वतः सुटी केली आणि अंगणात रचून ठेवली. नवा जिना आम्ही दुसऱ्या दिवशी बसवला.

गुरुवारी दुपारी आई चढली. ती पुढे, एक पायरी सोडून बाबा, दोन्ही हात पुढे धरून, त्यांच्यामागे मी. वीस पायऱ्या ती सबंध पाय टेकत चढली. कुठे थांबली नाही, कठड्यालाही एकदाच धरलं. तशीच खोलीत गेली आणि पलंगापाशी उभी राहिली.

भिंतीकडची बाबांची बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट होती. खिडकीकडे, आईच्या बाजूला, चादर चुरगळली होती, तिच्या उशीला खळगा पडला होता, आणि तिच्या मेजावर त्यांचा चष्मा होता.

"तू माझ्या जागेवर झोपत होतास?"

बाबांनी कान खाजवला. "माझ्या बाजूची गादी कडक आहे."

आई पलंगाला वळसा घालून भिंतीकडे गेली, कडेला बसली आणि बुटाचे बंद सोडू लागली.

"तूच राहा तिकडे," ती म्हणाली. "खुब्याला कडकच बरी."