आज सकाळी नऊ वाजता

"बदललीस का तारीख?"

दुकानाची पायरी चढायच्या आधीच जोतीराममामांनी विचारलं. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि मी हातातला झाडू अजून खाली ठेवला नव्हता.

"बसा तरी, मामा. कॉम्प्युटर आत्ता कुठं चालू केलाय."

"त्यो चालू हुईस्तवर लोकं कालचीच तारीख बघत्यात की."

ते भिंतीकडच्या खुर्चीत बसले. मांडीवर कापडी पिशवी घेतली, आत हात घालून चाचपलं आणि मग निवांत झाले. त्या पिशवीत त्यांच्या बायकोचं, चिमणामामींचं, एक पातळ, झंपर आणि चपलांचा जोड होता. मामी अनवाणी घरातून निघून गेल्या होत्या. कुठूनही फोन आला तर इथूनच तडक निघता यावं, परत गडमुडशिंगीला घरी जाण्यात वेळ जायला नको, म्हणून ही पिशवी रोज बसमधून यायची आणि रोज परत जायची. त्या दिवशी एकशे तीस दिवस झाले होते. मी मोजत नव्हते, पण मामा मोजत होते आणि रोज मला सांगत होते.

माझं नाव संघप्रिया. शिवाजी पेठेत एका बोळात माझं दुकान आहे. आधी टायपिंग क्लास होता, मग झेरॉक्स आलं, आता मी लोकांना वेबसाइट करून देते. मशिनं बदलली, खुर्च्या त्याच आहेत. माझी स्वतःचीही एक वेबसाइट आहे, 'शेजार' नावाची. पेठेतली आणि आसपासच्या गावांतली लग्नं, निधनं, फुटबॉलच्या मॅचेस, हरवलं-सापडलं असं सगळं तिच्यावर असतं.

वेबसाइटवर काही टाकायचं तर दोन जागा असतात, पोस्ट आणि पेज. पोस्टवर तारीख पडते. नवी असते तोवर ती सगळ्यात वर दिसते, दुसरी आली की खाली सरकते. पेजला तारीख नसते आणि ते हलत नाही. वरच्या पट्टीत त्याचं नाव राहतं, ज्याला हवं तो उघडून बघतो. जे रोज बदलत नाही ते पेजवर ठेवायचं. माझ्याकडं पेजं मोजकीच होती: दवाखान्यांचे नंबर, तालमींची माहिती आणि 'स्मृतीस अभिवादन'. गिऱ्हाईकाला हा फरक समजावून सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. मला वाटायचं, ह्यातलं मला सगळं कळतं.

सहा जूनला दुपारी चार वाजता मामा पहिल्यांदा आले. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. तालुकाभर फिरून, पोलिसात नोंद करून आले होते.

"आमच्या सयाजीची म्हस हितंच घावली न्हवं?" त्यांनी विचारलं.

सयाजी म्हणजे त्यांचा शेजारी. त्याची म्हैस चुकली होती, मी पोस्ट टाकली आणि दोन दिवसांत ती कंदलगावच्या एका गोठ्यात सापडली होती. म्हटलं, हो.

"मग तसंच आमच्या मंडळीचं टाक."

मी माझा नेहमीचा पाठ म्हणून दाखवला. पोस्ट दोन-चार दिवसांत खाली जाईल, त्यापेक्षा पेज करू या, ते कायम तिथंच राहतं.

"कायम?" मामा माझ्याकडं बघत राहिले. "कायमचं कशाला पायजे? म्हातारी काय कायमची गेली व्हय? दिस मावळायला घरात येती बघ. म्हशीची टाकल्ती तसली पोस्ट टाक. उद्या काढून टाकू."

त्यांनी सांगितलं तसं मी टाइप केलं. भाच्याच्या लग्नातला फोटो घातला. अंबाडा, ठसठशीत कुंकू, भरलेला चेहरा. वर आपोआप तारीख पडली. ते घरी गेले आणि रात्रभर दार उघडं ठेवून बसले, असं दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं.

चौथ्या दिवशी चिमणामामी दोन मॅचेस, एक मंगल कार्यालय आणि एका बारशाच्या खाली गेल्या. मामांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

"बारसं वर आन माझी बायकू खाली? पोरी, हे काय बरं न्हवं."

त्यांची समजूत घालायला मी एक युक्ती केली. पोस्टची तारीख बदलून त्या दिवसाची टाकली. पोस्ट उडी मारून पुन्हा वर आली. मामांच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा रंग आला. "अगं, मग हे रोजच कर की," ते म्हणाले. आणि मी रोज करायला लागले. दोन मिनिटांचं काम. मला वाटायचं, तेवढंच पुण्य.

श्रावणात एकदा परत म्हणाले मी, मामा, आता पेज करू या. त्यांनी ऐकून घेतलं नाही. "त्या पट्टीवर दवाखानं आन मेलेली माणसं. तिथं न्हाय बसवायची तिला." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मामा शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर होते. एकतीस वर्षं साच्यात माती ठोकली. साडेसहाला कंपनीची गाडी यायची आणि मामी साडेचारला उठून डबा भरायच्या. रिटायर झाले आणि वर्षाभरात मामींचा विसर सुरू झाला. लेकीचं नाव गेलं, गॅस बंद करायचं गेलं, पण साडेचार काही गेलं नाही. उठायच्या, भाकरी थापायच्या, डबा हातात द्यायच्या. मामा काय करायचे, तर खाकी शर्ट घालून डबा घेऊन निघायचे, देवळाच्या कट्ट्यावर बसून तो खायचे आणि आठ वाजता शिफ्ट संपल्यासारखे घरी यायचे. तीन वर्षं त्यांनी हे केलं. मला सांगताना हसायचे, "पगार न्हाय खरं, हजरी पुरी." सहा जूनला डबा खाऊन ते परस्पर बँकेत गेले आणि यायला अकरा झाले. शेजारणीनं नऊला मामींना दारात बघितलं होतं. तेवढ्यात घर मोकळं झालं.

लेक तेजस्वी इचलकरंजीला दिलेली. तिनं व्हॉट्सॲपवर आई हरवल्याचा मेसेज टाकला होता. तो कुठं कुठं फिरून महिन्यानं मलाच आला, खाली फोन नंबर नसलेला.

तर एकशे तिसाव्या दिवशी, ऑक्टोबरच्या चौदा तारखेला, मी तारीख बदलली, पोस्ट वर गेली, मामांनी आपल्या मोबाइलवर खात्री करून घेतली. मी चहा सांगितला. तेवढ्यात फोन वाजला.

"अक्का, तुमी त्या 'शेजार'वाल्या न्हवं?" बाईचा आवाज होता, सीमेकडच्या हेलातला. "मी प्रियदर्शनी. निपाणीच्या पल्याड एक आश्रम हाय, तिथं नर्स हाय मी. एक इचारू? त्या चिमणाबाई आज्जी खरंच कवा हरवल्या?"

"सहा जूनला."

मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी उठून बाहेर पायरीवर गेले.

"आमच्याकडं नऊ जूनला एक आज्जी आणून सोडल्या हुत्या," ती म्हणाली. "नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. केसात उवा झाल्त्या म्हणून केस कापले. पहाटं उठून बसायच्या आन म्हणायच्या, डबा भरायचाय, साडेसहाची गाडी हाय त्यांची. ऑगस्टात मी मोबाइलवर शोधताना तुमची जाहिरात घावली. नाक-डोळं तेच वाटलं. खरं वर तारीख त्याच दिवसाची, वीस ऑगस्ट, आन खाली लिवलेलं, आज सकाळी नऊ वाजता घरातनं निघून गेल्या. मी म्हणलं, ही आज सकाळी गेलेली बाई, आमची तर अडीच म्हैनं हितं हाय. बंद केलं. आत्ता सहज परत बघितलं तर तीच जाहिरात, तेच 'आज सकाळी', आन तारीख आजची. मग माझ्या ध्यानात आलं, अक्का. एकच माणूस रोज कसं हरवंल?"

'आज सकाळी नऊ वाजता' ही अक्षरं माझ्याच बोटांनी टाइप केलेली होती. सहा जूनला ती खरी होती. त्यानंतर रोज मी तारीख बदलली आणि ते एक वाक्य तसंच ठेवलं. एकशे तीस दिवसांत एकदाही वाचलं नाही. दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतल्या चुका मी लाल पेनानं काढून देते.

"आता कशा आहेत त्या?" मी विचारलं. तिच्या आवाजावरून मला कळलं होतं, तरी विचारलं.

"गेल्या. सत्तावीस सप्टेंबरला. छातीत कफ झाल्ता. तोंडात पाणी मीच घातलं. पोलिसांचं समदं करून आश्रमानंच क्रिया केली." मग ती रडायला लागली आणि माफ करा, माफ करा म्हणत राहिली. माफी तिनं मागायची नव्हती. मी आश्रमाचा पत्ता विचारून घेतला.

मी वळले तर मामा दारात उभे. पिशवी खांद्याला लावलेली, टोपी नीट केलेली.

"घावली न्हवं? कुठं हाय? चल, स्टँडवर गाडी मिळंल."

"मामा, बसा."

"बसायला येळ न्हाय आता."

"बसा हो, मामा."

ते बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी ऐकलं. मी आश्रमाचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, सत्तावीस तारीख सांगितली. नर्सनं ऑगस्टात पोस्ट बघितली होती, तेवढं सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. मामांनी टोपी काढून हातात घेतली आणि खुर्चीचा आधार शोधत बसले. चहा आला आणि तसाच गार झाला.

"डब्याचं म्हणत हुती?" त्यांनी विचारलं.

"हो. रोज पहाटे."

"तिथं कुणी घेतला नसंल डबा."

मी गार झालेला चहा बाजूला सरकवला.

"चार म्हैनं जिती हुती म्हंजे. रोज आपली पोस्ट वर हुती. कुणीच कशी बघितली न्हाय?" मग म्हणाले, "वाच बघू ती. मी निस्ती तारीख बघायचो. वरची."

मला वाचायचं नव्हतं. पण माणसानं एवढंच मागितलं होतं. मी स्क्रीनकडं बघून वाचलं. "चौदा ऑक्टोबर. आज सकाळी नऊ वाजता गडमुडशिंगी येथील राहत्या घरातून..."

"आज?" मामा म्हणाले.

मी थांबले. मामा स्क्रीनकडं बघत होते, मग माझ्याकडं. एकतीस वर्षं साचे केलेला माणूस. साचा ज्या नमुन्यावरून काढतात त्यात एक चूक राहिली तर पुढचा प्रत्येक नग तसाच निघतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. वीस ऑगस्टही सांगितली. माझी मला इतकी चीड आली होती की त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी हासडल्या नाहीत.

"तू म्हणलीतीस पेज कर," ते म्हणाले. "दोनदा म्हणलीतीस." आणि थोड्या वेळानं, "आता कर."

मी पेज केलं. कॉम्प्युटरनं तारीख विचारली नाही. चिमणाबाई जोतीराम, गडमुडशिंगी, एवढं लिहिलं, तोच फोटो लावला आणि 'स्मृतीस अभिवादन'मध्ये ठेवलं. पोस्ट काढून टाकताना बोट थांबलं, पण काढली.

दुसऱ्या दिवशी आश्रमात जाऊन आले ते. तेजस्वी बरोबर होती. मला वाटलं, आता येणार नाहीत. तिसऱ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी पायरीवर पाय वाजले. मामा भिंतीकडच्या खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर.

"दाव."

मी पेज उघडून दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"खाली जात न्हाय न्हवं?"

"नाही, मामा."

"रोज काय कराय लागतंय ह्याला?"

"काही नाही. ते असंच राहतं."

"तारीख?"

"नाही."

"म्हंजे मी यायचं काय काम न्हाय."

चहाला येत जा, असं मी म्हणाले. ते हो म्हणाले, पण आम्हा दोघांनाही ते खरं वाटलं नाही. मामा उठले. पायरीवर थांबून त्यांनी पिशवीत हात घातला, चपला आहेत का ते चाचपून बघितलं आणि बसस्टॉपकडं चालू लागले.