वारसाचा रकाना

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. बत्तिशीबाईंनी चौतीस वर्षं दात कोरूनच पोट भरलं, स्वतःचं आणि आईचंही. डॉक्टरांकडून लॅबमध्ये प्लास्टरचे साचे यायचे; त्यांवर मेण चढवायचं, एकेक दात बसवायचा, कवळी घासूनपुसून डबीत घालायची आणि पाठवून द्यायची. हजारो तोंडं हाताखालून गेली, पण त्यांतलं एकही माणूस त्यांनी कधी पाहिलं नाही. 'बत्तिशीबाई' हे नाव लॅबमधल्यांनी ठेवलेलं. समोर सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे, आणि बाईंना दोन्ही नावं ठाऊक होती.

महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. त्याआधी, शुक्रवारपर्यंत, पेन्शनचा अर्ज भरून द्यायचा होता. पेन्शन कचेरीतला सल्लागार तिशीतला, नम्र आणि कमालीचा नीटनेटका होता. त्यानं विचारलं, "बाई, तुमच्या घरात माणसं साधारण किती जगतात?"

"आई एकोणनव्वद. शेवटची अकरा वर्षं अंथरुणात."

"उत्तम," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, हिशेबाच्या दृष्टीनं. आपण नव्वद धरू."

नव्वद! म्हणजे अजून तीस वर्षं. लग्न ठरत असतानाच आई आजारी पडली आणि लग्न राहिलंच, हे त्याला सांगून काय उपयोग? त्याच्या समोरच्या संगणकात त्यासाठी जागा नव्हती.

त्यानं दोन अर्ज पुढे ठेवले. पहिल्यात दरमहा भरपूर पैसे, पण बाई गेल्या की सगळं संपलं. दुसऱ्यात दरमहा पाचवा हिस्सा कमी, पण त्यांच्यामागे मूळ रक्कम वारसाला. एकदा सही केली की बदल नाही.

"एकट्या माणसानं पहिलाच घ्यावा," तो म्हणाला. "वारस कुणी आहे का?"

"आहे ना, भाचा आहे," बाई झटकन म्हणाल्या. इतक्या झटकन, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"मग त्यांची जन्मतारीख, पत्ता आणि सही लागेल."

बाई दुसरा अर्ज घेऊन घरी आल्या. खरं सांगायचं तर त्यांना पैशांची ओढ कधीच नव्हती. उभ्या जन्मात त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या तोंडाची सोय पाहिलेली. पाचवा हिस्सा गेला तर गेला, एका खोलीतला दिवा-पंखा बंद ठेवू, वर्तमानपत्र बंद करू. पण त्या रकान्यात एक नाव हवं होतं. आपल्यामागे कुणीतरी आहे, हे सरकारी कागदावर दिसायला हवं होतं. नाव तसं सोपं होतं. बहीण दवाखान्यात होती तेव्हा हा भाचा दोन वर्षं त्यांच्याकडे राहिला होता. त्याच्या वह्यांना कव्हरं त्यांनी घातली होती, तापात त्याच्या उशाशी त्याच बसल्या होत्या. पुढे बहीण गेली, तो मोठा झाला, दुसऱ्या शहरात गेला. वाढदिवसाला त्याचा फोन यायचा. म्हणजे गेल्या वर्षापर्यंत यायचा.

मनात चार वेळा घोकून त्यांनी बुधवारी संध्याकाळी फोन लावला. तिसऱ्या खेपेला त्यानं उचलला.

"मावशी? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे रे. जरा पैशांसंबंधी बोलायचं होतं तुझ्याशी."

चौतीस वर्षं साच्यांशी संसार केलेल्या बाईला फोनवर सुरुवात कशी करावी हे कोण शिकवणार? पलीकडून मग भाचा घाईघाईनं बोलू लागला.

"मावशी, मी तुला सांगणारच होतो. या वर्षी माझंच फार ओढाताणीचं चाललंय गं. घराचे हप्ते, मुलांची फी. नाहीतर तुला नाही म्हटलं असतं का मी? तुझं पेन्शन सुरू होईलच ना आता? पुढच्या वर्षी बघू आपण. नक्की बघू."

'अरे मेल्या, मागत नाहीये, देतेय,' एवढं एक वाक्य. ते अगदी ओठांवर आलं होतं. पण ते बोलल्यावर त्याचा आवाज कसा बदलेल, हे बाईंना आधीच ऐकू आलं. तो हसेल, "काय गं मावशी!" म्हणेल, मुलांना फोनवर बोलावेल, रविवारी येतो म्हणेल. आणि येईलसुद्धा. तो गोड झालेला आवाज त्यांना ऐकवला नसता.

"नाही रे, सहज केला होता," त्या म्हणाल्या. "मुलं काय म्हणतात?"

"मजेत. मावशी, दुसरा फोन येतोय, ठेवू?"

"ठेव, ठेव."

मग त्या बराच वेळ स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. रडू आलं नाही. राग आला, तोही त्याचा नाही. त्यानं काही वाईट केलं नव्हतं; इतक्या वर्षांनी कुणी एकाएकी पैशांचं नाव काढलं तर माणूस दुसरं काय समजणार? राग आला तो स्वतःचा. दोन वर्षांच्या मायेवर तीस वर्षं काढता येतात असं त्या धरून चालल्या होत्या.

शुक्रवारी त्यांनी पहिल्या अर्जावर सही केली. वारसाच्या रकान्यात सल्लागारानं सुबक आडवी रेघ मारली.

"शहाणपणाचा निर्णय घेतलात, बाई. आता कुणाकडे बघायला नको, ऐटीत राहा." त्यानं कागद टाचले. "फक्त एक अट आहे. हे पेन्शन तुमच्या हयातीपुरतं. त्यामुळे दरवर्षी एकदा इथे यायचं, माझ्यासमोर बसायचं आणि सही करायची. तुम्ही आहात, एवढं मी डोळ्यांनी बघून लिहायचं. पाच मिनिटांचं काम."

"तुम्हीच असाल?"

"मीच. चुकवू नका हं. नाही आलात तर आम्ही चौकशी करतो."

"चौकशी करता?"

"करावीच लागते."

बाईंनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मधे आलं तर चालतं का?"

"गरज नाही, बाई. वर्षातून एकदा पुरे."

"गरज नाही ते कळलं हो," बाई म्हणाल्या. "चालतं का, एवढंच विचारतेय."