पावसाचा नमुना

क्षमा गच्चीवर आली तेव्हा मुक्ताबाई पदरानं बाटलीवरचं नरसाळं आतून पुसत होत्या.

"शिवू नको, आई! बाटवलंस ना सगळं!"

तोंडून गेलेला शब्द तिचा तिलाच ऐकू आला. मुक्ताबाईंनी हात मागं घेतला.

मुंबईत क्षमा पावसाचं पाणी तपासायची. त्याच्याशी ताडून बघायला चांगल्या हवेतलं पाणी हवं, म्हणून रजा काढून ती बेंबळीला, आईकडं आली होती. ढग रोज हुलकावणी देत होते. आज कुठं बाटलीभर सर पडली, आणि संध्याकाळी तिला परतायचं होतं.

"धूळ बसली होती गं," मुक्ताबाई म्हणाल्या. "म्हटलं, लेकीचं पाणी सोच्छ ऱ्हावं."

"ती धूळच हवी होती. आपल्या मातीतला चुना पावसातलं तेजाब मारतो."

"आन् माझ्या हाताचं काय लागतंय त्याला?"

"मीठ. घामाचं. आकडे चुकतात मग."

मुक्ताबाईंनी तळहात उलटसुलट करून पाहिले.

"माझ्या माहेरी विहिरीवर आमाला हेच म्हणायचे, शिवू नगं. पर काय लागतंय ते कुणी सांगितलं न्हाय. तू सांगितलंस."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर क्षमाला बरं वाटलं असतं.

"तिकडं मुंबईत पावसाचं पाणी कशानं बिघडलं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"धुराड्यांनी, गाड्यांनी. कोळसा-तेल जळलं की गंधकाचा धूर वर जातो, ढगातल्या पाण्यात मुरतो. त्याचं तेजाब होऊन खाली येतं. पातळच, पण दगडसुद्धा झिजतो त्यानं."

"म्हंजी आभाळच बाटवलं की! मग त्यांला कुणी म्हणतंय का, शिवू नगा म्हणून?"

क्षमानं बाटलीतलं पाणी ओतून दिलं.

"न्हाय. कुणी न्हाय म्हणत."

बेंबळीच्या शिवारावर पुन्हा अंधारून येत होतं. तिनं बाटली विसळून जागेवर ठेवली आणि नवे हातमोजे आईपुढं धरले.

"हे घाल. नरसाळं तू बसव."

"नगं बाई. तुझं काम बिघडंल."

मुक्ताबाई जिन्याकडं निघाल्या. वाट बाटलीजवळूनच होती. तिथं येताच त्यांनी पदर गोळा करून पोटाशी घट्ट धरला, अंग चोरलं, आणि कठड्याला घासत पुढं गेल्या.