माझ्यातले झेंडू काढा

मी एक जुनी फुलदाणी आहे.

नाही, मित्रांनो. हे वाक्य तुमचे आहे, माझे नाही. पुन्हा सुरुवात करते.

मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. पान खाऊन माणसे जिच्यात थुंकतात, ती. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तुम्ही मला अडगळीच्या खोलीतून काढलेत, चिंच आणि राख लावून घासलेत, माझ्या तोंडात झेंडू खोवलेत आणि पाहुण्यांच्या टेबलावर मधोमध ठेवलेत. माझे तोंड रुंद, मान बारीक आणि बूड जड आहे. फुलदाणी समजावे अशीच माझी घडण आहे, त्यामुळे चूक तुमची नाही.

बाईंनी फळ्यावर आत्मवृत्ताचे मुद्दे लिहून दिले आहेत. जन्म, काम, स्तुती, उपेक्षा, विनंती. मी प्रयत्न करते. पण हे मुद्दे माझ्या आयुष्यात या क्रमाने आले नाहीत.

जन्म.

नाशिकच्या तांबट आळीत झिपरू तांबटाने मला ठोकून घडवले. त्याची बायको नवसाबाई भाता ओढत असे. मी तयार होऊन उन्हात ठेवली गेले तेव्हा ती म्हणाली, "इतकी देखणी केलीत, आणि लोक हिच्यात थुंकणार?"

"म्हणून तर तोंड रुंद ठेवलंय," झिपरू म्हणाला. "नेम चुकला तरी भिंत वाचेल."

दोघेही हसले. तेव्हा मला त्यात लाजण्यासारखे काही वाटले नाही. घाण झेलणे हे प्रामाणिक काम आहे, असे मी समजत होते.

काम.

मनमाडच्या बाजूच्या एका गावात मी गेले. गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तर अजून काही घरांत माना खाली जातील. तिथल्या म्युनिसिपालिटीच्या सभागृहात अध्यक्षांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला मला ठेवले. अध्यक्ष होते रावसाहेब खरवंडीकर. उंच, गोरे, कडक इस्त्रीच्या कोटातले. मला तिथे त्यांनी मुद्दाम ठेवले असे मी म्हणणार नाही. शिपायाने ठेवले आणि कोणी हलवले नाही.

त्या सभागृहाची एक रीत होती. सभा सुरू होण्याआधी अध्यक्ष स्वतः फिरून प्रत्येक सभासदाला विडा देत. भला मोठा विडा, जायफळ-वेलची घातलेला. तो तोंडात गेला की गाल फुगे आणि बराच वेळ बोलता येत नसे. थुंकायचे झाले तर उठून, सगळ्यांच्या देखत चालत, अध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत यावे लागे आणि त्यांच्या पायाशी वाकावे लागे. त्यांनी हाताने दिलेला विडा त्यांच्यासमोर थुंकणे म्हणजे अपमान. म्हणून कोणी उठत नसे. सभा संपून रावसाहेब खुर्ची सोडून गेले की मग सगळे माझ्याकडे येत. तोवर ठराव मंजूर झालेले असत.

या रीतीला दोन अपवाद होते. पहिला अपवाद वत्सलाबाईंचा. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, सरकारने नेमलेल्या त्या एकट्या स्त्री सभासद. बाईमाणसाला विडा कसा द्यायचा, म्हणून त्यांना झेंडूचे एक फूल मिळे.

दुसरा अपवाद नजीरभाईंचा. नजीर इब्राहिम, मोमीनपुऱ्यातले विणकर. बाकीच्यांना विडा हातात मिळे. नजीरभाईंसमोर शिपाई तबक धरी, आणि त्यांनी आपला विडा आपण उचलायचा. हात हाताला लागू नये म्हणून. त्यांचे वडील इब्राहिमसाहेबही सभासद होते. त्यांनीही शेवटपर्यंत तबकातूनच उचलला. यावर कोणी काही बोलत नसे. सगळ्यांच्या तोंडात विडा असे.

स्तुती.

एकदाच झाली. कलेक्टरसाहेब आले होते तेव्हा रावसाहेब म्हणाले, "आमच्या सभागृहाची भिंत बघा. एक डाग नाही."

उपेक्षा.

मित्रांनो, ही माझी नाही, एका नळाची आहे.

रावसाहेबांनी कचेरीपुढे बाग केली आणि बागेत कारंजे बसवले. कलेक्टरसाहेबांनी ते सुरू केले, त्यांना आवडले. कारंज्याला पाणी लागे. ते मोमीनपुऱ्याच्या नळाचे वळवले. तिथले नळकोंडाळे कोरडे पडले.

मोमीनपुऱ्यात जुलेखाबी नावाची विधवा होती. ती विणकरांच्या सुताला खळ देई. खळ दिल्याशिवाय सूत मागावर टिकत नाही, आणि खळीला भरपूर पाणी लागते. ती नदीवरून घागरी आणू लागली. तेवढ्याने भागेना.

नजीरभाईंनी सभेत प्रश्न विचारला. विडा गालात सारून, अर्धवट शब्दांत.

"मोमीनपुऱ्याचा नळ बंद का?"

"तो विषय आजच्या पत्रिकेवर नाही, नजीरभाई."

"पत्रिकेवर कोण घेतं?"

"मी घेतो."

"मग घ्या ना."

"घेऊ."

सगळे हसले. रावसाहेबही हसले. पुढच्या सभेतही हेच झाले, त्याच्या पुढच्याही. मग काही सभासदांनी अविश्वासाचा ठराव आणायचे ठरवले. नुसत्या नळासाठी नव्हे. जो अध्यक्ष प्रश्नच विचारू देत नाही तो हवा कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. कांद्याचे व्यापारी भिमाजीशेठ, शेतकरी सभासद केरू पाटील आणि आणखी बरेच जण तयार झाले. ठराव नजीरभाईंनी मांडायचा आणि मग हात वर करायचे. हात पुरेसे होते. व्हरांड्यात उभे राहून भिमाजीशेठ ते बोटांवर मोठ्याने मोजत होते, हे मी ऐकले.

काम, पुन्हा.

(हा मुद्दा मी पुढे ढकलत होते. आता ढकलता येत नाही.)

ठरावाच्या दिवशी जुलेखाबी सभागृहाच्या दाराशी येऊन उभी राहिली. बायकांनी तिथे येण्याची पद्धत नव्हती.

"नजीरभाई," ती म्हणाली, "पाणी कमी पडलं की खळ घट्ट होती, सूत मागावर तुटतं. विणकर मला बोल लावतात. आज नळ सुटला तर मी हाय. नाय तर मालेगावला भाऊ बोलावतोय, परवाच्या मोटारीनं जाते."

"जाऊ नका, आपा. आज मी उभा राहतो."

"उभे तर दर खेपेला राहता. बोलायचं तेवढं बघा."

सभा भरली. रावसाहेब विडे वाटत निघाले. भिमाजीशेठना दिला, केरू पाटलांना दिला. वत्सलाबाईंना झेंडू दिला. ते नजीरभाईंपाशी आले. शिपायाने तबक पुढे केले. रावसाहेबांनी ते हळूच बाजूला सारले, विडा उचलला आणि स्वतःच्या हाताने पुढे केला.

"घ्या, नजीरभाई. इतकी वर्षं राहूनच गेलं."

भिमाजीशेठ केरू पाटलांच्या कानाशी पुटपुटले, "आज हातातून? गडी कलेक्टर झाला की काय."

नजीरभाई उठून उभे राहिले. ते त्या हाताकडे बघत राहिले. मग दोन्ही हातांनी त्यांनी विडा घेतला, कपाळाला लावला, तोंडात घातला आणि ते खाली बसले.

"सावकाश खा," रावसाहेब म्हणाले. "आज वेलची जास्त आहे."

मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझ्याविरुद्ध ठराव आहे. नजीरभाई मांडणार आहेत. बोला."

नजीरभाई उठले. त्यांचा गाल फुगला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी लांब नव्हते. ते माझ्या दिशेने निघाले, आणि अर्ध्या वाटेत थांबले. समोर रावसाहेब बसले होते, त्यांचा तो उजवा हात खुर्चीच्या दांडीवर होता. दारात जुलेखाबी होती. नजीरभाईंनी तिच्याकडे पाहिले नाही. ते मागे वळले आणि जागेवर जाऊन बसले.

मी तिथे होते, मित्रांनो. तोंड उघडे टाकून बसले होते. माझा दुसरा उपयोगच काय होता? पण मी ज्या जागी होते, तिथे येणे त्यांना जमले नाही.

"मांडणारे बोलत नाहीत," रावसाहेब म्हणाले. "ठराव पडला असं धरू?"

वत्सलाबाई उठल्या. त्यांचे तोंड रिकामे होते.

"मी मांडते. कारंजं नको, असं मी म्हणत नाही. माणसांचं पाणी आधी की नाही, एवढंच नजीरभाईंना विचारायचं होतं. ते विचारूसुद्धा देत नसतील, तर अशा अध्यक्षांवर माझा विश्वास नाही."

"ठीक आहे. ज्यांना बाईंचं पटतं त्यांनी हात वर करावा."

हात वर करायला तोंड लागत नाही. तरीही एकच हात वर गेला, वत्सलाबाईंचा, आणि त्यात झेंडू होता. केरू पाटील छताकडे बघत होते. भिमाजीशेठ बोटाला लागलेला चुना पुसत होते. नजीरभाईंचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

रावसाहेब जिंकले, पण ते हसले नाहीत. उठून जाताना त्यांनी क्षणभर माझ्यात डोकावून पाहिले. मी अजून रिकामी होते.

मग सगळे आले. एकामागून एक, वाकून.

"विडा मात्र झकास होता," भिमाजीशेठ तोंड पुसत म्हणाले.

"गप ऱ्हा की जरा," केरू पाटील म्हणाले.

नजीरभाई शेवटी आले. दारातून जुलेखाबी म्हणाली, "आता सुटलं का तोंड?"

"आपा, त्यांनी हातात दिला."

"मग?"

"अब्बांना कधी दिला नव्हता."

जुलेखाबी म्हणाली, "त्यांना हातात नव्हता मिळत. पण नळ त्यांनीच आणला होता."

ती रागावून बोलली नाही. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला आणि निघून गेली. ठरल्या मोटारीने ती मालेगावला गेली. शिपाई पुढे पुष्कळ दिवस सांगत असे, की तिने जाताना खळीचे मोठे पातेले शेजारणीला दिले आणि शेजारणीने ते पालथे घालून ठेवले.

त्या दिवशी मी काठोकाठ भरले होते. इतकी जड मी पूर्वी कधी झाले नव्हते.

पुढचे थोडक्यात. कारंज्याची तोटी बिघडली आणि नळ आपोआप सुरू झाला. त्या नळकोंडाळ्यावर आता शेळ्या पाणी पितात. रावसाहेब निवृत्त झाले, विडे वाटण्याची रीत गेली, मी आधी दाराशी, मग कोठीत आणि शेवटी तुमच्या शाळेच्या अडगळीत आले.

आणि काल तुम्ही मला टेबलावर ठेवलेत. शाळा समितीचे अध्यक्ष पाहुणे म्हणून आले. मी त्यांना लगेच ओळखले. केस पांढरे झालेत, पण चालताना अर्ध्या वाटेत थांबल्यासारखे चालतात. शेजारच्या खुर्चीत वत्सलाबाई बसल्या, आता काठी घेऊन.

तुमच्यातल्याच एकीने विचारले, "साहेब, आमची फुलदाणी कशी आहे?"

नजीरभाईंनी माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. वत्सलाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या, वाट बघत असल्यासारख्या.

"छान आहे," ते म्हणाले. "छान फुलदाणी आहे."

या वेळी त्यांच्या तोंडात काही नव्हते.

वत्सलाबाईंनी मान खाली घातली. त्याही काही बोलल्या नाहीत.

विनंती.

मला पुन्हा अडगळीत टाका, चालेल. नाशिकला नेऊन वितळवा, तेही चालेल. तांबट आळीत कोणी ना कोणी असेलच. पण मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी पाहुणा आला आणि हे काय आहे असे कोणी विचारले, तर त्याच्या तोंडाकडे बघत थांबू नका. तुम्हीच सांगा. पिकदाणी आहे, म्हणा. मोठ्याने म्हणा.

आणि माझ्यातले झेंडू काढा. आजच काढा. ते सुकायला लागले आहेत, आणि माझ्यात पाणी घालायचे कोणाच्या लक्षात आलेले नाही.