बॅगेतला सासूबाईंचा कप्पा

आधीच सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. देवाशपथ, आईशपथ, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर माझ्या कवळीची शपथ. खोटं बोलले तर ती आत्ता, तुमच्या देखत, या चहाच्या कपात पडेल. पडली का? नाही ना. मग ऐका.

उतारावरच्या एका गल्लीत एक किल्लीवाला राहायचा. कुलूप दिसलं की त्याची बोटं वळवळायची. त्याच्या घरात साखरेच्या डब्याला कुलूप, कपाटाला दोन, पायपुसणं कुणी नेऊ नये म्हणून त्यालाही साखळी. मांजराच्या पट्ट्याला त्यानं एवढंसं पितळी कुलूप लावलं होतं, तेव्हापासून ते मांजर अशा रुबाबात चालायचं की गल्लीतली बाकीची मांजरं त्याला बँकेतलं समजायची. त्याची बायको जाड कापडाच्या बॅगा शिवायची, कामाला वाघीण. आणि त्याची आई, म्हणजे आपल्या गोष्टीतल्या सासूबाई, गुडघे धरल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून साऱ्या गल्लीचा कारभार बघायच्या.

गल्लीच्या वरच्या अंगाला टेकडीवर पाण्याचा तलाव होता. त्याच्या बांधातून पाणी झिरपायला लागलं, तेव्हा सरकारी कचेरीतून एक बाई कर्णा घेऊन आल्या. घाबरायचं कारण नाही, असं त्या इतक्या मोठ्यांदा म्हणाल्या की सगळेच घाबरले. बांधाची डागडुजी होईपर्यंत प्रत्येकानं एक बॅग भरून दाराशी ठेवायची आणि एक खोकं गाडीत. भोंगा वाजला की बॅग उचलायची आणि वरच्या मैदानावर जायचं, मागं बघायचं नाही. अधूनमधून न सांगता सरावाचा भोंगा वाजेल, तेव्हाही निघायचंच.

सूनबाईनं बॅग शिवायला घेतली. दुहेरी टाके, मेण लावलेला दोरा. हत्ती घातला असता तर हत्ती फाटला असता, बॅग नाही. मधल्या पोटात घरादाराचं सामान: पाणी, बिस्किटं, टॉर्च आणि सेल, मलमपट्टी, तापाच्या गोळ्या, शिट्टी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं. आणि बाहेरून तीन कप्पे, माणशी एक. ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते त्यात घालायचं. सूनबाईनं जास्तीचा चष्मा आणि सुयांची डबी घातली. किल्लीवाल्यानं तीन कुलपं घातली. कशाला, विचारलं तर म्हणाला, परक्या ठिकाणी काय काय बंद करावं लागेल सांगता येतं का?

सासूबाईंचा कप्पा रिकामा राहिला.

पहिल्यांदा सूनबाईला वाटलं, ठरत नसेल. मग ती येताजाता त्या कप्प्यात हात घालून बघायला लागली. काही नाही. तिनं आपणच सासूबाईंची शाल घडी करून आत सरकवली. संध्याकाळी शाल खुंटीवर. छोटा रेडिओ ठेवला, तो दुपारच्या बातम्यांना खिडकीत बोलत होता. शेवटी तिनं सरळ विचारलं, तेव्हा सासूबाई बाहेर बघत म्हणाल्या, "मला कुठं जायचंय?"

बोलल्या अगदी सहज, पण सूनबाईला कळायचं ते कळलं. कप्पा भरायचा राहिला नव्हता. म्हातारीनं यायचंच नाही असं ठरवलं होतं. उद्या खरंच भोंगा वाजला आणि ही खुर्चीला चिकटून बसली तर? ओढून न्यायचं? आणि का असं? जिवाला कंटाळलेलं माणूस असं नसतं. शेजारच्यांकडे आलेल्या पाहुण्यांनी मुक्काम का वाढवला हे कळल्याशिवाय या बाईला घास उतरत नसे. बॅगेबद्दल तर तिला एवढी मतं होती की ऐकून ऐकून बॅग दमली असती. बिस्किटांच्या शेजारी साबण ठेवलाय, खाल फेस. टॉर्च तळाशी घातलाय, तो शोधायला दुसरा टॉर्च घ्या. सूनबाई मुकाट्यानं सगळं बदलायची आणि नवल करायची, की जिला यायचंच नाही तिला साबणाची एवढी काळजी कशाला?

इकडे किल्लीवाल्याची तयारी जोरात होती. गाडीतल्या खोक्यात त्यानं ओढायची दोरी, हवेचा पंप, फावडं, पांघरुणं, पाण्याचा कॅन असं सगळं शिस्तीत लावलं. मग आईची तयारी. आईला जिना उतरवत नाही, तेव्हा तिला पाठीवर घेऊन पळायचं, असं त्यानं ठरवलं. त्याच्या सरावासाठी त्यानं आईच्या वजनाचं वाळूचं पोतं भरलं आणि रोज सकाळी ते पाठीवर टाकून जिन्यानं गल्लीत उतरायला लागला. पोतं घसरायचं, म्हणून त्याला आईचीच जुनी ओढणी बांधली. गल्ली गोळा व्हायची. शिंपी म्हणायचा, आईंना जपून न्या हो. दूधवाला पोत्याला नमस्कार करायचा. एकदा पोतं फाटलं आणि वाळू अशी सांडली की आठवडाभर गल्लीतली पोरं तिथं किल्ले करत होती. सगळे हसत होते. खिडकी तेवढी हसत नव्हती, पण वर बघायला कुणाला सवड होती?

आणि एका सकाळी भोंगा वाजला.

काय ती धांदल. कुणी एका पायात चप्पल, कुणी दाढी अर्धी. एक गृहस्थ तर घराचं दारच पाठीवर घेऊन निघाले होते, का तर त्याला किल्लीवाल्यानं बसवलेलं कुलूप फार महागाचं होतं. किल्लीवाल्यानं बॅग उचलली, दोन ढांगांत गाडीशी गेला आणि खिसे चाचपायला लागला. चाचपता चाचपता त्याचा चेहरा असा उतरला की सूनबाईला वाटलं, बांध फुटलेला ह्यांना इथून दिसतोय.

झालं होतं ते असं. गाडीची किल्ली हरवू नये म्हणून त्यानं ती आदल्या रात्री बॅगेत ठेवली होती. बॅग कुणी उघडू नये म्हणून तिच्या चेनला आपलं सगळ्यात भारी कुलूप घातलं होतं. आणि त्या कुलपाची किल्ली हाताशी असावी म्हणून ठेवली होती गाडीतल्या खोक्यात. कुलूप उघडायची हत्यारंही गाडीत. दुकानात दुसरी होती, पण दुकानाची किल्ली गाडीच्या किल्लीच्याच जुडग्यात.

गल्ली रिकामी होत चालली. किल्लीवाला कधी गाडीच्या दाराला डोळा लावायचा, कधी बॅगेच्या कुलपाला. ते त्याचंच कुलूप होतं, कुणाच्या बापाला उघडणार नाही असं तो गिऱ्हाइकांना छातीठोक सांगायचा, आणि ते खरं होतं. सूनबाईनं वर खिडकीकडे बघितलं. खुर्ची रिकामी.

ती जिन्याकडे धावली, तर जिन्यातून सासूबाई खाली येत होत्या. कठडा धरून, प्रत्येक पायरीला एक शिवी हासडत, पण आपल्या पायांनी. काय अडलंय ते वरून नीट दिसत नव्हतं म्हणे. त्यांनी बॅग बघितली, कुलूप बघितलं, लेकाचं तोंड बघितलं.

"अरे, कुलूप लोखंडाचं आहे. बॅग कशाची आहे?"

किल्लीवाला बघतच राहिला. कुलूप समोर असताना कापडाकडे बघायचं हे त्याला जन्मात सुचलं नसतं. आणि सूनबाईला आपली शिवण कापायची हे सुचलं नसतं, गळ्यात कातर लटकत असूनही.

"कुठून उसवू, आई?" तिनं विचारलं.

"माझ्या कप्प्यातून उसव. त्यात सांडण्यासारखं काही नाही."

हे बोलताना सासूबाईंनी सुनेकडे बघितलं नाही. सूनबाईनं त्या कप्प्यात हात घातला, आतला दुहेरी टाका कातरीनं कटाकट उसवला, बॅगेच्या पोटात कोपरापर्यंत हात गेला आणि बिस्किटांखालून किल्ल्यांचा जुडगा बाहेर आला. गाडी उघडली. किल्लीवाल्याचा जीव भांड्यात पडला. तो सवयीनं आईपुढे पाठ करून वाकला, ये म्हणाला.

सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. "मी पोतं नाही," त्या म्हणाल्या. "गाडीला काय काय लागतं, बॅगेला काय काय लागतं, सगळं घोकलंस. आईला काय लागतं हे पोत्याला विचारत होतास."

किल्लीवाला वाकलेलाच राहिला. मग हळूच सरळ झाला आणि कान धरला, लहानपणी धरायचा तसा. सूनबाईनं मात्र वेळ घालवला नाही. इतके दिवस तो कप्पा चाचपून जे कळलं नव्हतं, ते तिला आत्ता कळलं होतं. घरात प्रत्येकाला एकेक काम होतं, म्हातारीला तेवढं सगळ्यांनी सामानात धरलं होतं. तिनं गळ्यातल्या कातरीच्या नाडीचा एक तुकडा कापला, त्यात गाडीची किल्ली ओवली आणि सासूबाईंपुढे धरली. म्हणाली, आई, ह्यांच्या हातात किल्ली दिली की काय होतं ते आज बघितलंत. आता ही तुमच्याकडे. तुम्ही गाडीत बसल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही.

सासूबाईंनी किल्ली गळ्यात घातली. मग पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, किल्ली लेकाकडे तेवढ्यापुरती दिली आणि मैदानावर पोचल्याबरोबर परत मागून घेतली. गल्लीतून ते सगळ्यात शेवटी पोचले, सरावच होता म्हणून बरं. तिथं सगळे हात बांधून बसले होते, कुणाशी काय बोलावं कळत नव्हतं. सासूबाईंनी एक फेरी मारली आणि कोणी काय बांधून आणलंय त्याची उलटतपासणी सुरू केली. परत जायची वेळ झाली तरी त्यांचं आटपेना.

दुसऱ्या दिवशी सूनबाईनं कप्पा परत शिवला, बॅग दाराशी ठेवली आणि भाजी आणायला गेली. आल्यावर सवयीनं कप्प्यात हात घातला. बोटांना काहीतरी लागलं. बाहेर काढून बघितलं तर पत्त्यांचा जोड, कडा झिजलेला, रबर लावून बांधलेला. खुर्चीतून आवाज आला, की तिथं नुसतं बसून करायचं काय?

तलावाचा बांध दुरुस्त झाला. भोंगा पुन्हा वाजला नाही. किल्ली मात्र सासूबाईंच्या गळ्यातच राहिली आणि किल्लीवाल्याला कुठं जायचं झालं की आईला सांगून जावं लागायचं.

आता कवळीची शपथ घेतलीय, तर एक सांगून टाकते. पत्ते माझ्या पदरचे. त्या कप्प्यात काय होतं ते मला माहीत नाही. सूनबाईनं हात घातला, काहीतरी लागलं, आणि तिनं ते न बघताच कप्पा बंद केला. बोटांना काय लागलं, मी कितीदा खोदून खोदून विचारलं, सांगत नाही ती.