तांडेलची तारली

नवरा सखाराम वारल्यावर सगुणाबाईंनी मासे सोडले. तसं कोणी सांगितलं नव्हतं. "ज्याच्यासाठी रांधायचे तोच नाही," एवढंच म्हणाल्या आणि माशांचा टोप घासून माळ्यावर ठेवून दिला. त्या चुलीवर पुन्हा मासा चढला नाही.

बोका मात्र घरात होताच. सखारामने तो मिरकरवाड्याच्या जेटीवरून पिशवीत घालून आणला, तेव्हा मुठीएवढा होता. जन्म बोटीवर काढलेल्या माणसाने त्याचं नाव ठेवलं तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. "बोटीवर मी खलाशी, घरी पण खलाशीच. हुकूम याचा," असं म्हणत तो स्वतःच्या ताटातली माशाची डोकी आणि कालवलेला भात त्याच्या करवंटीत घालायचा.

आता सगुणाबाई रोज दारावर येणाऱ्या मासेवाल्या विमलाकडून तारली घेत. शिजवायची नाही, म्हणून पडवीत विळीवर कापून कच्चीच करवंटीत टाकत. भाताला तांडेल तोंड लावत नसे. तारली मात्र मिटक्या मारत खाई.

"काय गो वयनी, लेकीचे केले नसशील एवढे लाड," विमला पाटी उतरवताना म्हणायची. "आम्ही खातो उरलेलं नि ह्याला ताजी!"

"मासे मी सोडले. मुक्या जिवाला कशाला वैधव्य?"

पुढे तांडेल तारलीही टाकू लागला. पडवीच्या पायरीवर उडी मारताना चुकला. मग चालताना झोकांड्या. लेक सानिकाने लोट्याहून फोन केला की सगुणाबाई म्हणत, "वय झालंय त्याचं."

सानिका तिथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. सुट्टीला घरी आली तेव्हा तांडेल अंगणात बसला होता. मान छातीकडे वाकलेली, जणू जमिनीवर काही शोधत होता. उन्हातसुद्धा डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या होत्या. तिने त्याला टोपलीत घातलं, आईला रिक्षात बसवलं आणि गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी मान उचलून पाहिली. "खायला काय देता?"

"तारली. रोज ताजी."

"शिजवून?"

सगुणाबाईंनी नकारार्थी मान हलवली. "मांजर कच्चंच खातं ना?"

"मांजर उंदीर खातं, अख्खा. नुसती कच्ची तारली रोज खाल्ली तर त्यातलं एक द्रव्य बी-वन जीवनसत्त्व मोडून टाकतं. ते कमी पडलं की मेंदूवर परिणाम होतो. शिजवली की ते द्रव्य निकामी होतं." त्यांनी इंजेक्शन भरलं. "लवकर आणलं असतं तर खात्रीने सांगितलं असतं. आता बघू. खायला लागला तर आशा आहे."

परतताना रिक्षात सगुणाबाईंनी टोपली मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे चुलीवर ठेवली असती तर चाललं असतं?"

खरं उत्तर 'हो' आहे हे सानिकाला कळत होतं. ती म्हणाली, "तुला कुठे ठाऊक होतं, आई."

"तुझ्या बाबांना तरी कुठे ठाऊक होतं? पण त्यांच्या ताटातलं शिजलेलं होतं."

घरी येताच त्यांनी माळ्यावरून टोप काढायला लावला. विमलाला हाक मारून तारली घेतली. मीठ नाही, तिखट नाही, नुसत्या पाण्यात शिजवली. वाफ वर आली आणि घरात तो वास पसरला. सखाराम बोटीवरून आलेल्या दिवशी पसरायचा तसाच. सानिका दारातच थबकली.

सगुणाबाईंनी काटे काढून मासा कुस्करला, फुंकून गार केला. तांडेलचं डोकं मांडीवर घेऊन बोटाने ओठांना लावला. त्याचं नाक हललं. जीभ बाहेर आली, बोटावरून एकदा फिरली आणि आत गेली. त्यांनी पुन्हा बोट पुढे केलं. पुन्हा केलं.

सकाळी तो गेलेला होता. माडाच्या मुळाशी त्याला पुरून दोघी आत आल्या. सानिकाने टोप घासायला उचलला.

"राहू दे," सगुणाबाई म्हणाल्या.

"वास राहील घरात."

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि टोपावरचं झाकण बाजूला केलं.