वाळू चुकली त्या दिवशी

मी नांगर बोलतोय. शेतातला नव्हे, होडीचा. चार दातांचा, लोखंडी. बोलतोय तो सहा वाव पाण्याखालून, दोन खडकांच्या फटीतून. दोन दात आत रुतलेत, तिसऱ्याखाली खेकड्यानं घर केलंय. चौथा मोकळा आहे, पण एकट्याचं काय चालतंय!

याकोवच्या बापानं मला बेटावरच्या लोहाराकडून घडवून घेतलं. आमच्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर नांगर बापाकडून मुलाकडे येतो. याकोवनं मला रंग दिला, दोर बदलले, पण माझ्या बुडाशी दोरीनं बुचाचा तरंगता बोया काही बांधला नाही. बोया असला की नांगर अडकला तरी उलट बाजूनं ओढून सुटतो. पण आमच्या बेटकरांचा तोरा असा, की बोया परक्यांनी बांधावा, ज्यांना तळ ठाऊक नाही त्यांनी. याकोव म्हणायचा, बकरीला घंटा बांधतात, नांगराला नाही.

तळ त्याला ठाऊक होताच म्हणा. या खाडीत शिरताना टेकडीवरचं पांढरं चर्च एकट्या पाइनच्या झाडामागं गेलं, की खाली वाळू. त्याच्या आधी नुसता खडक. पण चार वर्षांपासून त्याला ना चर्च दिसत होतं, ना झाड. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, टोन्काला, आणि मला. खाडी आली की ती भाजी निवडता निवडता सहज बोलायची, "गेलं बाई चर्च झाडामागं." की तो मला सोडायचा. या गोष्टीचा दोघांनी कधी उच्चार केला नाही. मला तर वाटतं, त्यांच्या संसारातलं सगळ्यात मोठं बोलणं तेच.

गेल्या सप्टेंबरात त्यांची लेक विश्न्या झाग्रेबहून आली. म्हणायला किनाऱ्यानं दिवसभर हिंडायला, खरी आली होती बापाला तपासायला. धक्क्यावरच तिनं आईला बजावलं, की बाबाला दिसत नसेल तर थंडीच्या आत होडी विकायची. मी होडीच्या तोंडाशी पडून ऐकत होतो. याकोवही ऐकत होता, पण माझा दोर गुंडाळत राहिला.

सकाळ झकास गेली. याकोव एकेका खडकाचं नाव सांगत होता. इंजिनाचा आवाज कड्यावरून कसा परततो त्यावरून तो ओळखत होता, हे लेकीच्या गावीही नव्हतं. सार्डिन, पाव, पाणी घातलेली वाइन. विश्न्या हसायला लागली आणि मला वाटलं, निभावलं.

दुपारी खाडीत शिरलो. नेमकी तेव्हाच विश्न्यानं आपल्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट काढली. टोन्काच्या हातातली भाजी हातातच राहिली. आई होती ती, चर्चकडे बघेल कशाला? याकोव मला धरून वाट बघत उभा. ते वाक्य आलंच नाही. एका शब्दानं विचारलं असतं तर काम झालं असतं. पण लेकीसमोर विचारणार कसं? त्यानं मला भिरकावलं. पडता पडताच मी ओळखलं, वाळू चुकली.

तिसऱ्या प्रहरी युगो सुटला, दक्षिणेचा दमट वारा. खाडीचं तोंड दक्षिणेलाच. लाटा आत शिरायला लागल्या. याकोवनं मला ओढलं, इंजिन लावून चारी बाजूंनी ओढलं. मीही जीव तोडून ओढत होतो हो, पण खडक सोडेना. आता होडी माझ्या दोरानं कैद आणि मी फटीत.

दोर ताणला की वरचं बोलणं खाली उतरतं. आधी याकोव म्हणाला, खाली कुणाची तरी जुनी साखळी असेल. मग टोन्का म्हणाली, "चूक माझी. मी बोलत बसले."

"तुझी कशी? नांगर तर बाबानं टाकला," विश्न्या म्हणाली.

प्रत्येक लाटेबरोबर दोर करकरत होता.

"विश्न्या, मला ते चर्च दिसत नाही," याकोव म्हणाला. "झाडही नाही. तुझी आई सांगते, तेव्हा मी टाकतो."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. तू सुकाणू धर आता. आई सांगेल तशी ने."

कुणीतरी नाक ओढलं. कोणी, ते दोरातून कळत नाही. मग दोराला सुरी लागली आणि वरचं जग तुटलं.

पुढं काय झालं, मला कळायला मार्ग नव्हता. हिवाळा गेला. मी गंजत होतो आणि होडी विकली असंच धरून चाललो होतो. फार वाईट दिवस गेले.

परवा डोक्यावर ते इंजिन खोकलं. आमचंच! माझ्यापासून वीसेक हातांवर एक कोरा नांगर उतरला. सोडणारा हात याकोवचा नव्हता. तो झटक्यात फेकायचा, हे कुणीतरी भीत भीत, हातभर हातभर सोडत होतं. पण नव्याच्या बुडाशी बुचाचा बोया होता. बोयाची गाठ मी कुठंही ओळखीन. दोन वेढे आणि वर एक उलटा, याकोवचीच.

मला वर यायचंय, खोटं कशाला बोलू? पण मी निघेन असं वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाला वर याकोव भेटला, तर त्याला एवढं सांगा. त्याला दिसलं नसेल. नवा बरोबर वाळूत पडला.